पाठीचे डोळे

मनुष्याच्या पाठीला डोळे दिले नाहीत याबद्दल विधात्याला दोष देणारे लोक बहुधा शहरात सायकल चालवीत असावेत. समोरचे संकट दिसते. त्याच्यापुढून बाजूला होता येते, निदान त्याला चार शब्द तरी सुनावता येतात. मागून येणारे संकट मात्र कानांनीच ओळखावे लागते. ऐन तारुण्यातली पंधरा-वीस वर्षे मी सायकलवरून हिंडलो, तेव्हा माझ्या कानांनी पाठीच्या डोळ्यांचे काम आपण होऊन पत्करले होते. मागून येणाऱ्या आवाजावरून वाहनाची जातच काय, पण हाकणाऱ्याचा स्वभावसुद्धा आपल्याला कळतो, अशी माझी घमेंड होती. ती घमेंड श्रावणातल्या एका सकाळी पुण्याच्या रस्त्यावर उतरली.

त्या दिवशी माझी सहा वर्षांची मुलगी पुढच्या दांडीवर बसविलेल्या छोट्या सीटवर होती. शाळेला उशीर झाला होता. मागून येणारा टेंपो मी आवाजावरून बरोबर ओळखला आणि कडेला सरलो. पण टेंपोच्या बाहेर डोकावणाऱ्या लोखंडी सळ्यांना आवाज नसतो. तो पुढे निघून जात असता त्यांतल्या एका सळईने माझ्या हँडलला ओझरता स्पर्श केला, आणि आम्ही दोघेही रस्त्यावर पडलो. मला थोडे खरचटले. मुलीच्या हनुवटीला तीन टाके पडले. टेंपो थांबला नाही. काही घडले हे त्याला कळलेही नसावे. संध्याकाळी मी सायकल जिन्याखाली उभी करून कुलूप घातले आणि आठ दिवसांनी ती भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेली.

पुढे प्रत्येक वाढदिवसाला मुलगी सायकल मागत असे, आणि प्रत्येक वाढदिवसाला मी तिला पुस्तके आणून देत असे. पुणे ही एके काळी सायकलींची नगरी होती, हे आम्ही वडील माणसे मोठ्या अभिमानाने सांगतो. पण त्या नगरीतल्या माझ्या घरात एका मुलीला सायकल मिळाली नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी तिने मागणे सोडून दिले. मुलांनी मागणे सोडले की आईबापांना मुले शहाणी झाल्यासारखे वाटते. मलाही तसेच वाटले.

ती शिक्षणासाठी फ्रान्सला गेली आणि नोकरीच्या निमित्ताने नांत शहरी राहिली. एके दिवशी फोनवर तिने बातमी दिली, “बाबा, मी सायकल शिकले.” तिचे वय तेव्हा पंचवीस होते. माझ्या तोंडून अभिनंदन निघण्याऐवजी प्रश्नच निघाला, “रस्त्यावर?”

“नाही,” ती म्हणाली, “घोड्यांच्या वाटेवर.”

ही घोड्यांची वाट काय असते हे तिने मला त्या दिवशी समजावून सांगितले, ते वाचकांनाही सांगितले पाहिजे. आगगाडी येण्यापूर्वी फ्रान्समध्ये जड मालाची बरीचशी ने-आण कालव्यांतून होई. नावेला यंत्र नसे. काठावरून घोडा, आणि घोडा परवडत नसेल तर नावाड्याचे कुटुंबच, दोराने ती ओढीत नेई. ओढणाऱ्याचा पाय घसरू नये, दोर झाडाझुडपांत गुंतू नये म्हणून पाण्याच्या कडेने एक सपाट, मोकळी वाट राखलेली असे. ‘शमँ द अलाज’, म्हणजे ओढकामाची वाट, हे तिचे नाव. पुढे घोडे गेले, मालाच्या नावाही गेल्या; वाट राहिली. तीवर बारीक खडी आणि मुरूम दाबून बसविला आणि मोटारींना मज्जाव केला की सायकलवाल्याचे काम झाले. बंद पडलेल्या लोहमार्गांचाही तेथे असाच उद्धार झाला आहे. १९९७ साली ब्यूर्गोन्य प्रांतात जिव्री आणि क्ल्यूनी यांमधल्या जुन्या रेल्वेच्या जागी अशी पहिली वाट तयार झाली, आणि २००४ साली फ्रान्सच्या रहदारीच्या नियमांत या वाटांची रीतसर व्याख्याच घालण्यात आली: इंजिन नसलेली वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखून ठेवलेला मार्ग. त्याला ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट, म्हणतात. त्यातला पहिला शब्द मराठी कानाला कौतुकाच्या उद्गारासारखा लागतो. अनुभवाअंती सांगतो की तो उद्गार अस्थानी नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये मुलीकडे गेलो असता तिने माझ्यापुढे दोन सायकली उभ्या केल्या. एक तिची, दुसरी भाड्याने आणलेली. नांतपासून ब्रेस्तपर्यंत ब्रिटनी प्रांतातून जाणारा ३६४ किलोमीटरांचा एक कालवा आहे. त्याच्या काठाने सहा दिवस जेवढे जमेल तेवढे जायचे, असा तिचा बेत होता. मी गुडघ्यांची सबब सांगितली. ती म्हणाली, “वाट सपाट आहे.” मी पावसाची सबब सांगितली. ती म्हणाली, “पाऊस पडणारच आहे.” तिसरी सबब मी सांगितली नाही, ती तिच्या हनुवटीवर अजून दिसते.

रदों या गावापर्यंत आम्ही सायकलींसह आगगाडीने गेलो. तेथून ऊस्त नदीच्या कडेने वाट निघते. कारण हा कालवा बऱ्याच ठिकाणी नद्यांनाच बांधून, वळवून, जोडून केलेला आहे. सायकल चालविण्याची विद्या माणूस कधी विसरत नाही म्हणतात, आणि ते खरे आहे. दहा पावलांत तोल सावरला. पण भयही माणूस विसरत नाही, हे त्या म्हणीत सांगितलेले नसते. वीस वर्षे स्वस्थ बसलेले माझे कान एकदम जागे झाले. खडीवरून चाक जाताना एक बारीकशी कुरकुर होते. मुलगी माझ्या मागून येत होती. तिच्या चाकाची ती कुरकुर ऐकून मी दर मिनिटाला दचकून मान वळवीत होतो.

“कोण येतंय?”

“मीच आहे, बाबा. मागं दुसरं कोण येणार?”

हा संवाद त्या दिवशी किती वेळा झाला याचा हिशेब ठेवला नाही. मालेस्त्रवा या गावी मुक्कामाला पोहोचलो तेव्हा पायांपेक्षा माझी मान अधिक दुखत होती. वास्तविक मागे पाहण्याजोगे काही नव्हते. ही वाट गावच्या रस्त्याला छेदते तेथे लाकडी अडसर असे लावलेले आहेत की सायकल जाते आणि मोटार अडते. दिवसभरात भेटले ते गळ टाकून बसलेले मासेमार, कुत्री फिरविणारी म्हातारी माणसे आणि आमच्यासारखेच काही सायकलस्वार. प्रत्येकजण ‘बोंझूर’ म्हणे. मोटारीत बसलेला मनुष्य अनोळखी माणसाला नमस्कार करीत नाही. करील तरी तो काचेबाहेर पोहोचणार कसा?

वाटेचे वर्णन फार रसभरित करण्याचा मोह मी आवरतो, कारण खरे सांगावयाचे तर या वाटेवर चमत्कार थोडे आहेत. जोस्लँ गावी नदीच्या पाण्यातूनच वर आल्यासारखे दिसणारे तीन गोल बुरुजांचे कोट आहे, ते कोणीही पाहून थक्क व्हावे. एरवी मात्र डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला ओक आणि चेस्टनट, खाली नेचे, आणि काही अंतराने एकेक लॉक. कालव्याला डोंगर चढता येत नाही. म्हणून दोन दरवाजांमधल्या हौदात नाव घ्यावयाची, पाणी भरावयाचे आणि नाव पायरीभर वर उचलावयाची, अशी ही युक्ती आहे. या कालव्यावर अशा २३० हून अधिक पायऱ्या आहेत. प्रत्येकीशेजारी राखणदाराचे एक बैठे घर, त्यावर क्रमांक आणि नाव, आणि दारात बहुधा निळ्या हायड्रेंजियाची झुडपे. काही घरांतून आता चहा-कॉफी मिळते. एका घरी आम्हांला काळ्या गव्हाचे ‘गालेत’ वाढले. काळा गहू हा नावाचाच गहू. तो खरे म्हणजे आपला उपासाचा कुट्टू. बिडाच्या तव्यावर पातळ पीठ पसरून केलेला तो पदार्थ पाहताच माझ्या तोंडून ‘घावन!’ असा उद्गार निघाला. कोकणातल्या माझ्या आजीला ब्रिटनीच्या त्या बाईच्या हाताखाली काम करावयास मुळीच अडचण पडली नसती. भांडण झालेच असते तर ते आत घातलेल्या अंड्यावरून.

दुसरे दिवशी पाऊस आला. मुरूम भिजून चाकांना चिकटू लागला, साखळीतून कण वाजू लागले, आणि वेग चालणाऱ्या माणसाइतका झाला. मी मनात म्हणालो, डांबरी रस्ता किती बरा! पण लगेच दुसरा विचार आला की, मोटारीला इकडे येण्याची हौस वाटू नये हाच तर या खडीचा गुण. पक्की सडक वेगवान माणसाला बोलावते. मुरमाची वाट ज्याला घाई नाही त्यालाच बोलावते.

तिसऱ्या दिवशी ती गोष्ट घडली. रोआँ गावापुढे कालवा एका नदीचे खोरे सोडून दुसऱ्या खोऱ्यात जातो. मधली टेकडी ओलांडून पोंतिव्हीला उतरेपर्यंत पन्नासांहून अधिक लॉक एकापुढे एक असे येतात; एक संपले की दुसरे दिसू लागते. मी घरांवरचे क्रमांक वाचीत होतो. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की मघाच्या एका लॉकपासून येथवर चौदा क्रमांक होऊन गेले आहेत आणि एवढ्या अवधीत मी एकदाही मागे वळून पाहिलेले नाही. भय कधी आले तो दिवस मला नक्की सांगता येतो. ते गेले कधी ते मात्र कळले नाही. मी थांबलो. मुलीला वाटले, मी दमलो.

त्या क्षणापासून वाट एकाएकी भरून गेल्यासारखी झाली. राखी बगळा आमच्यापुढे शंभर पावलांवर जाऊन बसे आणि आम्ही जवळ आलो की कंटाळून पुन्हा उडे. हा खेळ तो दोन दिवस करीतच असला पाहिजे, पण मी त्याला आता पाहिले. काठावर मोठ्या घुशीसारखा एक प्राणी गवत खात बसला होता. केसाळ कातड्यासाठी याच्या पूर्वजांना दक्षिण अमेरिकेतून आणले आणि पिंजऱ्यांतून सुटून त्यांनी येथे संसार थाटला, असे मुलीने सांगितले. लिंडनच्या फुलांचा वास, लॉकच्या दरवाजांतून पाझरणाऱ्या पाण्याचा आवाज, स्वतःच्या श्वासाचा आवाज, सर्व काही एकदम येऊ लागले. हे सर्व आदल्या दिवशीही असणारच. परंतु माझे अर्धे मन पाठीवर पहाऱ्याला बसलेले होते; उरलेल्या अर्ध्या मनाला बगळा कुठला दिसणार? शहरातली रहदारी आपला वेळ खाते अशी तक्रार आपण करतो. ती आपले अर्धे मन खाते, आणि ते गेल्याचे आपल्याला कळतही नाही, ही त्याहून मोठी तक्रार मी त्या दिवशी नोंदविली.

आणखी एक गोष्ट बदलली. मुलगी माझ्या मागून येत होती ती शेजारी आली. भर रहदारीच्या रस्त्यावर दोन सायकली शेजारी शेजारी चालविणे म्हणजे मरणाला आमंत्रण. तेथे एकामागून एकच जावे लागते, आणि पाठ करून बोलणे होत नाही. या वाटेवर आम्ही तासन् तास जोडीने गेलो. तिच्या नोकरीविषयी, तिच्या आईच्या आजारपणाविषयी, तिला पुढे कोठे राहावयाचे आहे त्याविषयी जे आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो ते बोललो. समोरासमोर बसून ज्या गोष्टी अवघड वाटतात, त्या दोघांचीही दृष्टी पुढे असली म्हणजे सोप्या होतात.

पोंतिव्हीला पोहोचल्यावर या कालव्याचा जन्म कसा झाला ते वाचावयास मिळाले, आणि मौज वाटली. नेपोलियनच्या काळी इंग्रजांचे आरमार ब्रेस्त बंदराच्या तोंडावर पहारा करीत असे. तेथल्या नाविक तळाला समुद्रमार्गे काही पोहोचविणे जिकिरीचे झाले होते. तेव्हा शत्रूला दिसणार नाही असा आतल्या आत जलमार्ग काढावा, असे ठरले आणि १८११ साली तशी आज्ञा निघाली. म्हणजे सम्राटालाही पाठीमागून येणाऱ्याचे भय होते! पुढे सम्राट गेला, युद्धे संपली, आणि १८४२ मध्ये कालवा पुरा झाला तेव्हा ज्याच्यासाठी तो खणला ते भयच उरले नव्हते. काही वर्षे तीतून शेतीसाठी चुना आणि छपरांसाठी पाटीचा दगड गेला; मग आगगाडी आली. १९२३ ते १९३० या काळात गेर्लेदाँ येथे विजेसाठी धरण बांधले, त्याच्या पाण्याखाली सतरा लॉक बुडाले आणि कालव्याचे दोन तुकडे झाले. २०१५ साली धरण रिकामे केले तेव्हा ती लॉके आणि राखणदारांची घरे चिखलातून पुन्हा वर आली आणि लोक ती पाहावयास लोटले.

त्या जलाशयाजवळ आम्हांला कालव्याचा काठ सोडून जुन्या मीटरगेज रेल्वेच्या जागेवरून जावे लागले. ते मीटरगेजचे जाळेही १९६७ साली बंद पडले. घोड्यांची वाट आगगाडीने बंद केली, आगगाडीची वाट मोटारीने बंद केली, आणि या दोन्ही दिवाळखोर वाटांवरून एक मध्यमवयीन बाप आणि त्याची मुलगी निर्धास्तपणे चालली होती. व्यवहाराच्या वहीत ज्या खात्यांवर बुडीत म्हणून शेरा मारला, तीच आमच्या कामास आली. मात्र ती आपोआप आली नाहीत. कोणीतरी त्या जागा विकू दिल्या नाहीत, खडी टाकली, अडसर लावले आणि वाढते गवत दरवर्षी कापण्यासाठी पैसे राखून ठेवले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

शेवटचा मुक्काम ग्लोमेल येथे होता. तेथे डोंगराची धार कापून सुमारे तीन किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी वीस मीटरांहून अधिक खोल चर खणलेला आहे. १८२३ ते १८३२ या काळात तो कैद्यांनी खणला. त्यांत लष्करातून शिक्षा झालेले शिपाई पुष्कळ होते. कुदळ, फावडे आणि ढकलगाडी एवढीच साधने. कित्येकजण रोगराईने तेथेच मेले. आता चराच्या दोन्ही बाजूंना झाडी इतकी दाट आहे की खाली दुपारीही हिरवा अंधार असतो. आम्ही सायकलींवरून उतरलो आणि त्या चरातून पायीच गेलो. तसे करावे असे आम्ही ठरविले नव्हते.

त्या अंधारात मला धीर आला. मी म्हणालो, “तुला मी सायकल घेऊन द्यायला हवी होती.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “घेऊन दिली असती तर कुठं चालवली असती, बाबा?”

तिने मला क्षमा केली, असे मला प्रथम वाटले. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या वाक्याची दुसरी बाजू दिसली. माझे भय खोटे नव्हते; टेंपो खरा होता, सळई खरी होती. चूक एवढीच की, रस्ता वाईट आहे म्हणून मी सायकल टाकून दिली आणि रस्त्याविषयी कोणाकडे कधी एक शब्द काढला नाही. माझ्यासारख्या हजारो शहाण्या बापांनी तेच केले असेल. आम्ही आमची मुले सांभाळली, आणि गावात एकही वाट अशी राखली नाही की जेथे लेकरू बापाच्या दृष्टीआड गेले तरी बापाचे काळीज ठिकाणावर राहील.

घरी परतून आता वर्ष होत आले. खडकवासल्याहून येणारा कालवा पुण्यातून वाहतो. परवा पहाटे त्याच्या काठाने मी फिरावयास गेलो होतो. मागून चाकाची कुरकुर आली आणि सवयीप्रमाणे मी दचकून कडेला झालो. सात-आठ वर्षांची एक मुलगी लहानशा सायकलवरून माझ्याजवळून गेली, आणि तिच्यामागे धापा टाकीत तिचे वडील. पुढे काठ संपून मोठा रस्ता लागतो. तेथे त्यांनी धावत जाऊन सायकलचे कॅरिअर पकडले, आणि मुलीला परत फिरविले.